घर क्रमांक बारावरील नाव कमी करणेबाबत

विषय : मौजे बॅलिकोरन, कूली द्वीपकल्प, काउंटी लाउथ, आयर्लंड येथील ओसाड वाडीतील घर क्रमांक बारावर दाखल झालेली कब्जेदाराची नोंद कमी करणेबाबत.

संदर्भ : अर्जदार देवदत्त यशवंत ओझरकर, सेवानिवृत्त अव्वल कारकून, यांचा दिनांक ६ जूनचा अर्ज.

उपरोक्त विषयी सादर करण्यात येते की, सदर नोंद अर्जदारांनी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या पेनाने आणि पूर्ण शुद्धीत केलेली आहे. इतका मजकूर सरकारी वळणाने लिहिता येतो. पुढचा येत नाही, कारण पुढे जे घडलं त्यासाठी कुठल्याही कचेरीत छापील नमुना उपलब्ध नाही.

ओझरकरांनी चौतीस वर्षं सिन्नरच्या तहसील कचेरीत काढली, आणि त्यांतली बहुतेक फेरफाराच्या नोंदी पाहण्यात गेली. माणूस गेला की त्याचं नाव कमी करायचं, वारसांची नावं चढवायची, गावात नोटीस लावायची, पंधरा दिवस हरकतीची वाट बघायची आणि कुणी काही बोललं नाही तर नोंद प्रमाणित करायची. एखाद्याचं नाव कमी व्हायला किती काळ लागतो हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांच्या पत्नीचं, स्नेहलताबाईंचं, नाव रेशनकार्डावरून कमी व्हायला मात्र अकरा महिने लागले, आणि त्या अकरा महिन्यांत त्यांनी एकदाही पाठपुरावा केला नाही. आयुष्यातली त्यांची ही एकमेव दिरंगाई.

बाई गेल्यावर तिसऱ्या वर्षी मुलगी चित्रा त्यांना बॅलिकोरनला घेऊन आली. चित्रा डंडॉकच्या एका कंपनीत होती, जावई यशोधन घरूनच काम करायचा, आणि आठ वर्षांची नात निहारिका गावच्या शाळेत जायची. निहारिकाला मराठी सगळं कळायचं. उत्तर मात्र ती त्या बाजूच्या हेल काढलेल्या इंग्रजीत द्यायची. ओझरकर विचारत, "जेवलीस का गं?" आणि ती म्हणे, "आय'म ग्रँड, आबा." पोट भरलं असो, गुडघा फुटलेला असो किंवा गृहपाठ राहिलेला असो, या देशात सगळं ग्रँडच असतं, एवढा निष्कर्ष त्यांनी पहिल्या आठवड्यातच काढला होता.

येण्याची परवानगी नव्वद दिवसांची होती. चित्राने आल्याआल्याच त्यांच्या कायमच्या वास्तव्याचा अर्ज भरायला घेतला. "कशाला उगीच," असं ते चारचौघांत म्हणाले, आणि मग एकट्याने बसून तो अर्ज तीनदा तपासला. रकाना सातमध्ये विचारलं होतं : कुटुंबातील एकूण व्यक्ती. नाशिकच्या प्रत्येक कागदावर गेली तीन वर्षं ते तिथे 'एक' लिहीत आले होते. इथे त्यांनी 'चार' लिहिलं, आणि लिहून झाल्यावर त्या आकड्याकडे बराच वेळ बघत राहिले. त्यांना काय हवं होतं ते एवढंच होतं. मागायची सवय नसल्याने त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही.

बॅलिकोरन म्हणजे कूलीच्या टोकाकडचं, दोनशे उंबऱ्यांचं गाव. मागे डोंगर, पुढे खाडी, खाडीपलीकडे मोर्नचे डोंगर, ते दुसऱ्या देशात. मे महिन्यात सगळ्या उतारावर काटेरी झुडपांना पिवळीधमक फुलं येतात, दगडी बांधांवरून पाठीला निळा-तांबडा रंग फासलेल्या मेंढ्या आपल्याकडे हिशेब मागितल्यासारख्या बघतात, आणि शेताच्या मधोमध एखादं वाकडं झाड उभं असतं. नांगर त्याला वळसा घालून जातो पण ते कुणी तोडत नाही. एका बैलाच्या मालकीवरून इथे पूर्वी दोन राज्यं लढली अशी दंतकथा आहे. ओझरकरांनी ती ऐकून घेतली आणि एवढंच म्हटलं, की वेळीच तलाठी नेमला असता तर प्रकरण इतकं वाढलं नसतं.

गावाच्या वर, अर्ध्या डोंगरात, एक ओसाड वाडी होती. बारा घरं, छप्परं गेलेली, भिंती छातीइतक्या उरलेल्या. दुष्काळानंतरच्या वर्षांत ती रिकामी झाली. काही माणसं लिव्हरपूलला गेली, काही समुद्रापलीकडे वेल्समध्ये पाटीच्या दगडाच्या खाणींत, आणि बाकीची कुठे गेली ते लिहिलेलं नाही. गावच्या वारसा समितीने त्या वाडीची नोंद करायची ठरवलं होतं. समितीच्या प्रमुख उना मॅकअर्डल, निवृत्त शिक्षिका, सत्तरीच्या, काटक. ओझरकर मनातल्या मनात त्यांना उनाबाई म्हणत. चर्चच्या हॉलमध्ये स्वयंसेवक हवेत अशी पाटी बघून ते गेले, आणि समितीचं कामकाज बघून त्यांना जे दुःख झालं ते शब्दांत मांडणं कठीण आहे. पाच स्वयंसेवक, पाच वह्या आणि पाच पद्धती. एकाने घराला 'मोठं' असं लिहिलं होतं. कशापेक्षा मोठं, ते नाही.

तिथून ओझरकरांचं पुनरुज्जीवन झालं. त्यांनी एक जाड वही मागवली, पानांना क्रमांक घातले, रकाने आखले. घर क्रमांक, जुन्या यादीतलं नाव, भिंतींची स्थिती, चूल, कब्जेदार, घरातील माणसं, हजर की गैरहजर, शेरा. कब्जेदाराचा रकाना कशाला, तिथे दीडशेहून अधिक वर्षं कुणी राहत नाही, असं उनाबाईंनी विचारलं. कब्जेदाराचा रकाना नसेल तर ती नोंदवही नव्हे, वाण्याची यादी, असं त्यांनी नम्रपणे सांगितलं. पहिल्या पानावर त्यांनी नियमही लिहिले, आणि निहारिकाने त्यांचं इंग्रजी तपासून दिलं. नोटीस पंधरा दिवस. हरकत नसल्यास नोंद प्रमाणित. प्रमाणित नोंदीत बदल करायचा झाल्यास लगतच्या सर्व कब्जेदारांसमक्ष, जागेवर, त्यांच्या संमतीने.

पावणेदोनशे वर्षांपूर्वीची एक करआकारणीची यादी उनाबाईंकडे होती. तिच्यात अकरा घरांसमोर नावं होती : राइस, हॅनलन, एल्मोर, मॅकअर्डल, असे अकरा जण. बाराव्यासमोर 'रिकामं' एवढंच होतं. स्वयंसेवकांना रकाने कसे भरायचे ते कळेना, म्हणून ओझरकरांनी प्रत्येक कचेरीत करतात तेच केलं. एक नमुना नोंद भरून दाखवली. भरायला रिकामं घर बरं, कुणाच्या नावाला धक्का नको. घर क्रमांक बारा. कब्जेदार : देवदत्त यशवंत ओझरकर. घरातील माणसं : चार. पेन्सिलीने लिहिलेल्याला किंमत नसते, म्हणून शाईने. अशा नोंदीवर तिरपं 'नमुना' लिहून दोन लाल रेघा मारायच्या असतात. लाल पेन घरी राहिलं होतं. उद्या मारू, असं ते म्हणाले.

सतरा मे, शनिवार. सकाळी अकराला सगळे वाडीवर चढले. मोजमाप झालं, आणि ओझरकर म्हणाले की आता पुकारा राहिला. जमिनीच्या चौकशीत कागदावरच्या प्रत्येकाचं नाव जागेवर उभं राहून तीनदा मोठ्याने घ्यायचं असतं. आला तर हजर, नाही तर गैरहजर. उनाबाईंना ही कल्पना इतकी आवडली की त्यांनी टाळ्या वाजवल्या. वाडीच्या मध्यावरच्या वाकड्या झाडाखाली ओझरकर उभे राहिले, घसा साफ केला, आणि कचेरीच्या दारात शिपाई ज्या आवाजात ओरडायचा त्याच आवाजात त्यांनी पहिलं नाव घेतलं. तीनदा. मग थांबले, वहीत खूण केली. स्वयंसेवक हसत होते. दुसरं, तिसरं. चौथं नाव उनाबाईंच्या खापरपणजोबांचं होतं. ते घेतल्यावर हसणं थांबलं. उतरताना उनाबाई म्हणाल्या, की प्रत्येक नावानंतर तुम्ही सारखंच थांबत नव्हता. काही नावांना जास्त थांबलात. वरच्या घरातून येणाऱ्याला वेळ लागतो, तसं.

घरी येऊन ओझरकरांनी चष्मा पुसला आणि वही उघडली. पहिल्या नावासमोर, त्यांच्याच किंचित उजवीकडे झुकलेल्या अक्षरात, लिहिलं होतं : हजर. दुसऱ्यासमोर : हजर. अकराच्या अकरा हजर. बारा क्रमांकाचा त्यांनी पुकारा केलेलाच नव्हता. त्याच्यासमोर लिहिलं होतं : गैरहजर.

चौतीस वर्षांत त्यांच्या हाताने चुकीचा शेरा लिहिला नव्हता. सवय, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. आपल्याकडे न आलेल्या माणसालाही हजर दाखवण्याची परंपरा आहेच. पण त्यांनी स्वतः ती कधी पाळली नव्हती.

चहा घेऊन चित्रा आली आणि दारातच थबकली. "बाबा, कुणाकडे शेकोटीला बसला होतात? केवढा धूर."

ओझरकरांनी स्वेटरची बाही नाकाला लावली. त्यांना काहीच वास आला नाही.

त्यांनी वही हॉलवर परत नेऊन दिली आणि नोटीस त्याच संध्याकाळी तिथल्या फळ्यावर लागली. उनाबाईंनी वहीचं पान जसंच्या तसं उतरवून काढलं होतं, आणि खाली लिहिलं होतं, की कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावं. बाराव्या घराची नमुना नोंदही त्यांनी प्रामाणिकपणे उतरवली. ओझरकरांनी ती पाहिली. सांगायचं होतं, पण समोर चारजण उभे होते, आणि नवख्यांसमोर स्वतःची चूक सांगणं त्यांना जमलं नाही. पंधरा दिवस आहेत, असं त्यांनी ठरवलं.

त्या पंधरा दिवसांत धुराचं प्रकरण घरात रोजचं झालं. त्या घरात चूल नव्हती, शेकोटी नव्हती. भिंतीत बसवलेलं एक पांढरं यंत्र मुकाट्याने घर गरम ठेवायचं. तरी ओझरकर खोलीत आले की चित्रा खिडकी उघडायची. स्वेटर दोनदा धुतला, मग बदलला. यशोधनने शास्त्रीय उकल केली, की शेजारी शनिवारी मांस भाजतात. सोमवारी, मंगळवारीही वास येतो तेव्हा काय भाजतात, हे त्याने सांगितलं नाही. निहारिकाने सगळ्यात सोपा मार्ग काढला. शाळेतून आली की ती आबांना मिठी मारायची आणि त्याच वेळी दोन बोटांनी नाक दाबायची. "यू स्टिंक, आबा." ओझरकरही मग रडवेला चेहरा करायचे. हा त्यांचा रोजचा, तीन वाजताचा, दिवसातला सगळ्यात चांगला कार्यक्रम होता.

जूनचा पहिला सोमवार सुट्टीचा होता. मंगळवारी ओझरकर लाल पेन खिशात घालून हॉलवर गेले, तर उनाबाईंनी नोटीस उतरवून टेबलावर ठेवली होती आणि वहीच्या पानावर समितीचा गोल शिक्का मारून खाली सही केली होती. प्रत काउंटीच्या ग्रंथालयाला टपालाने गेलीसुद्धा. इतकी तत्परता ओझरकरांनी आयुष्यभर पाहिली नव्हती, आणि ती नेमकी इथे भेटावी याचं त्यांना वैषम्य वाटलं.

"पोरांनी खेळ केलाय बघा," उनाबाई म्हणाल्या आणि नोटीस पुढे सरकवली. "हरकत मात्र कुणाची नाही."

बाराव्या घराच्या ओळीखाली, कोऱ्या जागेत, फुल्या होत्या. अकरा. एकाखाली एक.

आता इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. ओझरकरांनी नोकरीत हजारो अंगठे आणि हजारो निशाण्या पाहिल्या होत्या. निरक्षर माणूस कागदावर फुली मारतो तेव्हा ती फुली त्याचीच असते, सहीइतकीच. त्यांनी नोटीस खिडकीपाशी नेली. या एका हाताच्या फुल्या नव्हत्या. तिसरी डावखुऱ्याची होती. पाचवी इतक्या जोराने दाबलेली, की हा माणूस फावडं धरण्याखेरीज हाताने काही करत नसावा. सातवीचा हात कापत होता, म्हातारपणाने. आणि शेवटची दोन हातांनी काढलेली होती. न जमणाऱ्याचा हात धरून दुसऱ्याने काढवून घेतलेली, जसा ते विधवा सासूचा अंगठा उठवताना सुनेला तिचा हात धरायला सांगत. गावातल्या पोरांना हे सुचणं शक्य नव्हतं.

खेळात फुली कशी मारतात आणि संमतीची कशी, यातला फरक त्यांना कळत होता. नवा कब्जेदार येताना लगतच्यांची संमती घ्यावी लागते. ती मिळाली होती. एकमताने.

त्यांनी उनाबाईंना विचारलं, की ते बारावं घर रिकामं का होतं.

"ते नेहमीच रिकामं," उनाबाई म्हणाल्या. "माझी आजी सांगायची, वर एक घर जास्तीचं बांधून ठेवायचे. येईल त्याच्यासाठी. चूल सारवलेली, पाणी भरलेलं. दार कधी लावायचे नाहीत." त्यांनी शिक्क्याची डबी बंद केली. "पण कुणी आल्याचं तिने कधी सांगितलं नाही."

ओझरकरांनी तेव्हा सगळं सांगितलं, म्हणजे लाल पेनाचं. नमुना होता, चुकून राहिला, ती ओळ खोडून टाकू. उनाबाई हसल्या, पेन हातात घेतलं, आणि सवयीने वहीचं पहिलं पान उघडलं. शिक्षिका होत्या, खोडण्याआधी नियम वाचणाऱ्यांपैकी. प्रमाणित नोंदीत बदल करायचा झाल्यास लगतच्या सर्व कब्जेदारांसमक्ष, जागेवर, त्यांच्या संमतीने. त्यांनी पेन हळूच खाली ठेवलं.

"हे तुम्हीच लिहिलंय," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आता गंमत नव्हती. "अर्ज द्या, मिस्टर ओझरकर. मी आवक करून घेते."

नियमाला अपवाद मागायला आलेल्या माणसांना ओझरकरांनी चौतीस वर्षं हेच वाक्य ऐकवलं होतं. त्यांनी सहा जूनला अर्ज दिला, आणि पोच घेतली.

त्याच संध्याकाळी यशोधन वरच्या खोलीतून खाली आला, त्यांच्या शेजारी सोफ्यावर बसला, आणि ओझरकरांना पहिल्यांदा तो वास आला. इथे पूर्वी चुलीत घालत ती, जमिनीतून कापून वाळवलेली काळी माती जळते त्याचा. गोडसर, जुना, डोळ्यांत उतरणारा. यशोधनच्या जाकिटाला, केसांना.

"यशोधनराव, डोंगरावर गेला होतात का?"

"मी? नाही हो बाबा. सकाळपासून मीटिंगा. का?"

"धुराचा वास येतोय."

यशोधनने खांदा नाकाशी नेला, हुंगला, आणि मान हलवली. त्याला काही येत नव्हतं. आणि मग ओझरकरांच्या लक्षात आलं, की इतका जवळ बसून त्याने आज ओझरकरांच्या अंगाला येणाऱ्या वासाबद्दलही तक्रार केली नाही. काल केली होती. चित्राने मात्र आत येऊन दोघांकडे बघितलं, आणि दोन्ही खिडक्या उघडल्या.

घरातील माणसं : चार. तो आकडा त्यांनी परवानगीच्या अर्जातून जसाच्या तसा उचलला होता. इतक्या आनंदाने लिहिलेला दुसरा आकडा त्यांच्या हाताशी नव्हता. रात्रभर नव्हे, पण जेवण होईपर्यंत ते एकच गोष्ट मनात घोळवत राहिले, की मी एकटा असतो तर हरकत नव्हती. एक लिहिलं असतं तर गेलोही असतो.

चौदा जूनला, शनिवारी, सुनावणी ठेवली. उनाबाई येणार होत्या, पण त्यांचा गुडघा धरला होता. त्यांनी वही दिली आणि तुम्हीच करून या म्हणाल्या. ओझरकर एकटे चढले. स्वच्छ ऊन होतं, खाडीत पांढरी शिडं दिसत होती, पलीकडच्या देशातली गाडी वळणावर चमकून जात होती. इतक्या लख्ख उजेडात माणसाला भीती वाटली तर तो त्याचा स्वतःचा दोष समजला जातो.

पुकाऱ्याआधी ते बाराव्या घरात डोकावले. मे महिन्यात तिथे कमरेइतकी खाजकुयलीसारखी झुडपं होती आणि मेंढ्यांच्या लेंड्यांचा थर होता. आता जमीन झाडलेली होती. झुडपं मुळासकट उपटून भिंतीबाहेर नीट रचली होती. चुलीच्या दगडासमोर बसायला चार सपाट धोंडे मांडले होते. तीन मोठे आणि एक लहान.

ओझरकर बाहेर आले, झाडाखाली उभे राहिले आणि त्यांनी नावं घेतली. ती माणसं आली नाहीत तर नोंद बदलणार नव्हती, आणि आली तर काय, याचा विचार करायचा नाही असं ठरवून ते एकेक नाव तीनदा घेत होते. राइस. हॅनलन. एल्मोर. कुणी आलं नाही. एक मेंढी खोकली. प्रत्येक नावानंतर त्यांनी मनात वीस मोजले, सगळ्यांना सारखेच, आणि चष्मा डोळ्यांवर नीट बसवून, अक्षर अक्षर बघत, वहीत लिहिलं : गैरहजर. अकरा वेळा. शेवटी त्यांनी बाराव्या घराकडे तोंड केलं आणि मोठ्याने, जणू पलीकडच्या कुणाला ऐकू जावं म्हणून, सांगितलं, "त्यात चूक माझी आहे. माझ्या पोरीला, तिच्या माणसांना त्यात मोजू नका. तेवढं कमी करा." हे त्यांनी मराठीत सांगितलं. एवढी वर्षं कारकुनी करून ते कुणापुढे पहिल्यांदाच विनवणीच्या सुरात बोलत होते.

उतरताना त्यांना वाडी पहिल्यापेक्षा रिकामी वाटली. आधी ती ओसाड होती. आता ती घरं कुणीतरी कुलूप न लावता सोडून गेल्यासारखी दिसत होती.

घरी आल्यावर त्यांनी वही उघडली. अकरा नावांसमोर, त्यांनी लिहिलं होतं तसंच, गैरहजर. बाराव्यासमोर त्यांनी काहीही लिहिलं नव्हतं. तिथे लिहिलेलं होतं : हजर.

त्यांनी वही मिटली. चित्रा धावत आली. तिच्या हातात उघडलेलं पाकीट होतं. परवानगी आली होती. त्यांना राहता येणार होतं, हवं तेवढं. तिने त्यांच्या गळ्यात हात टाकले आणि लहानपणी रडायची तशी रडली. "आता तुम्ही इथलेच, बाबा," ती म्हणाली, आणि तिच्या केसांतून तो वास आला, गोडसर आणि जुना, इतका दाट की ओझरकरांचे डोळे पाणावले. तिने खिडकी उघडली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला सांगून पाहिलं. की मी परत जातो, आणि तू निहारिकाला घेऊन थोडे दिवस पुण्याला सासरी जा. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि त्यांच्यासाठी डॉक्टरची वेळ घेतली. ड्रोहेड्याला एक चांगले आहेत म्हणाली, विसराळूपणाचे आणि वासांचेसुद्धा. परवानगीचं दडपण आलं असेल, असं यशोधन म्हणाला. ते तिघं स्वयंपाकघरात बसून हे बोलत होते, आणि त्या लख्ख, पांढऱ्या, चूल नसलेल्या खोलीत ओझरकरांना, नोंद त्यांच्या हातची म्हणून असेल, दोघांच्याही अंगाचा धूर येत होता. त्या दोघांना मात्र कुणाचाच येत नव्हता. आपल्या अंगाचा येत असेलच, ते सांगायला आता घरात एकच जण उरली होती.

म्हणून रोज तीन वाजता ते दारात उभे राहू लागले. निहारिका यायची, दप्तर टाकायची, मिठी मारायची आणि नाक दाबायची. सोमवारी दाबलं. मंगळवारी दाबलं, वर ओकारी काढल्याचं नाटक केलं. बुधवारी तिने विचारलं, की आबा तुम्ही एवढे खूश का होता, मी तुम्हाला घाणेरडे म्हणते तेव्हा. त्यांनी तिचं दप्तर उचलून खुंटीला लावलं. रोज संध्याकाळी ते हॉलवर जाऊन अर्जाचं काय झालं विचारत, आणि उनाबाई, अधिकाधिक हळुवारपणे, सांगत की लगतचे कब्जेदार गैरहजर असल्यामुळे सुनावणी होऊ शकलेली नाही. पुढची तारीख देऊ. ते वाक्य बिनचूक होतं. त्यांच्याच वहीतलं होतं.

वीस जूनला, शुक्रवारी, शाळेची सहल होती. कुठे, ते पत्रकात लिहिलं होतं आणि चित्राने सही करून पाठवलं होतं. ओझरकरांना दाखवायचं राहून गेलं. मुलं गावाच्या वरची जुनी वाडी बघायला गेली होती.

तीनला गाडीचा आवाज आला. निहारिका पळत आली. बुटांना चिखल होता, गुडघ्याला हिरवा डाग होता, चेहरा उन्हाने लाल झाला होता. तिने दप्तर टाकलं आणि त्यांच्या कमरेला मिठी मारली. ओझरकर थांबले. तिचे दोन्ही हात त्यांच्या पाठीमागे घट्ट होते आणि तिने नाक त्यांच्या स्वेटरात खुपसलं होतं.

"नाक दाब की गं," ते म्हणाले.

तिने मान वर केली, पुन्हा एकदा मनापासून श्वास घेतला, आणि हसली.

"यू डोन्ट स्मेल अ‍ॅट ऑल टुडे, आबा," ती म्हणाली. "यू'र ग्रँड."

सबब, लगतचे कब्जेदार अद्याप उपस्थित न झाल्याने, अर्ज प्रलंबित आहे.